हिरव्या दोरीची फळी

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. फळी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे डबे मांडून ठेवायची फळी आली असेल, तर ती आधी पुसून टाका. मी लाकडाची नाही आणि लोखंडाचीही नाही. मी कापडाची आहे. हसू नका. या इमारतीत आलेली मोठमोठी माणसं आधी अशीच हसली आणि मग मला एका बोटावर तोलून धरताना त्यांचं हसू कुठल्या कुठे पळालं.

तुम्ही आत येता तेव्हा डाव्या हाताला काचेची एक पेटी आहे. तिच्यात मी उभी आहे. म्हणजे माझा निम्मा भाग. उरलेला निम्मा कापून, घासून, भिंगाखाली धरून संपला. माझ्या पोटाशी एक भोक दिसतं, तुमची करंगळी जेमतेम जाईल एवढं. प्रत्येकाला त्यात बोट घालावंसं वाटतं, म्हणून तर काच आहे. तुमचे सर सांगतात, "बघा, एवढासा कण लागला आणि एवढं भोक पडलं." तुम्ही "बापरे" म्हणता आणि पुढे जाता. पण ते भोक म्हणजे माझी गोष्ट नव्हे. भोकाने कोणाचंही वाईट केलं नाही. ते बिचारं सगळ्यांना दिसत होतं.

माझा जन्म एका थंडगार खोलीत झाला. तिथे येणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर टोपी आणि हातात मोजे असत, कारण एक केस जरी माझ्यात राहिला असता तरी मी वाया गेले असते. दोन बायका समोरासमोर उभ्या राहून काळ्या कापडाचे थर लावत होत्या. ते कापड कार्बनच्या धाग्यांचं, चिकट रसात भिजवलेलं. एक थर उभा, एक आडवा, एक तिरका. प्रत्येक थर त्या तळहाताने असा दाबत होत्या, की मधे हवेचा बुडबुडा म्हणून राहू नये. असे थर झाल्यावर मधे मधमाशीच्या पोळ्यासारखा, पातळ पत्र्याच्या षटकोनी घरांचा गाभा ठेवला आणि त्यावर पुन्हा तसेच थर लावले. मग मला एका पिशवीत घालून आतली सगळी हवा ओढून घेतली आणि दाबाच्या भट्टीत भाजायला ठेवलं. भट्टीतून बाहेर आले तेव्हा मी ताठ, काळी आणि चकचकीत झाले होते. कापडाची फळी झाली होती.

खरं सांगायचं तर तेव्हा मी "मी" नव्हते. आम्ही दोघी मिळून एक मोठी चादर होतो. करवतीवाल्याने ती मधोमध कापली आणि आम्ही जुळ्या बहिणी झालो. एकीला अंतराळयानाची भिंत व्हायचं होतं. दुसरीला इथेच राहून गोळी खायची होती. कोणी कुठे जायचं हे कशावरून ठरलं म्हणाल, तर कशावरूनच नाही. थर लावणारी बाई चिठ्ठ्या डकवत होती आणि तिच्या हाताशी मी होते. बहिणीला पांढऱ्या कागदात गुंडाळून घेऊन गेले. आम्ही एकमेकींना पुन्हा पाहिलं नाही.

गोळी का खायची, असं तुम्ही विचाराल. त्याचं असं आहे. माणसाने आकाशात इतकी यंत्रं पाठवली, पण झाडू एकही पाठवला नाही. जुनी यंत्रं फुटली, त्यांचे स्क्रू, पत्र्याचे कपटे, रंगाचे ढलपे तिथेच फिरत राहिले. तिथे वारा नाही, त्यामुळे तो कचरा कोपऱ्यात जाऊन बसत नाही. तो बंदुकीच्या गोळीच्या कितीतरी पट वेगाने पृथ्वीभोवती घिरट्या घालत असतो. मिरीच्या दाण्याएवढा तुकडा यानावर आदळला तर भिंतीचं काय होतं, हे माणसांना आत पाठवण्यापूर्वी कळायला हवं. म्हणून एका बहिणीला जमिनीवरच मारून बघायचं. मी मेले, तर दुसरीला पाठवायचं नाही आणि सगळ्या भिंती जाड करायच्या. मी जगले, तर तीही जगेल असं समजायचं. सगळा हिशेब माझ्यावर होता.

मला आणलं ती शेड लांबलचक होती आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच तोफ होती. तोफ चालवणाऱ्याला सगळे गोलंदाज म्हणत. पोट सुटलेला, तोंडाळ माणूस. कचेरीच्या सामन्यांत त्याला जन्मात एक विकेट मिळाली नव्हती, पण इथे त्याचा नेम कधी चुकला नाही. शेडच्या प्रमुख होत्या मोठ्या बाई. त्यांचा चष्मा कायम केसांत खोचलेला आणि त्या कायम तो टेबलावर शोधत असलेल्या. आणि तिसरे होते कानसेनकाका. माझी गोष्ट खरी त्यांची आहे.

काकांचं काम ऐकण्याचं होतं. माझ्यासारख्या फळीचं दुखणं वरून कळत नाही. गोळी लागली की पुढून एवढंसं भोक पडतं, मागची बाजू शाबूत दिसते, पण आत थर एकमेकांपासून सुटलेले असतात. वरून कीर्तन, आतून तमाशा! अशा फळीवर नाणं वाजवलं की ती जे आहे ते सांगते. आतून धड असेल तर "टण". थर सुटले असतील तर "डब". तुमच्या घरी कलिंगड घेताना वाजवून बघतात ना, तसंच. काकांकडे चलनातून गेलेलं एक झिजलेलं नाणं होतं. त्या नाण्याने ते बोटाबोटाच्या अंतरावर फळी वाजवत जात. "टण" असेल तर फळीच्या कोपऱ्याला हिरवी दोरी बांधत, म्हणजे ती पास. "डब" असेल तर लाल. लाल दोरीची फळी मग दुसऱ्या इमारतीतल्या स्कॅनच्या मशीनकडे जाई. त्या मशीनपुढे कायम रांग असायची, कारण सगळ्यांचं काम तिथेच अडे. म्हणून आधी काकांचा कान आणि मग मशीन, अशी तिथली रीत पडली होती. मशीनने काकांना खोटं पाडलं असं कधी झालं नव्हतं. कानसेन हे नाव त्यांना उगाच मिळालं नव्हतं.

माझी पाळी यायला बरेच महिने होते. तोवर मी काकांच्या टेबलामागच्या मांडणीवर उभी होते. ते माझे चांगले दिवस. पाहुणे आले की मोठ्या बाई मला खाली काढत आणि म्हणत, "उचलून बघा." पाहुणे दोन्ही हात लावून सरसावत आणि मी पिसासारखी वर येई. "पोलादाहून भक्कम आहे," असं बाई म्हणाल्या की मला माझ्या अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं वाटे. मला मांस नाही, ही गोष्ट वेगळी.

भिंतींना कान असतात, असं तुम्ही म्हणता. खरं आहे ते. आम्हाला सगळं ऐकू येतं. त्या मांडणीवरून मी जे ऐकलं आणि पाहिलं ते मला कोणालाही सांगता आलं नाही.

तोफ उडायची तेव्हा सगळे जाड भिंतीमागे जात आणि कानांवर गाद्यांच्या वाट्या चढवत. काका मात्र एका बाजूची वाटी हळूच वर सरकवत. बार ऐकूनच ते सांगत, "चांगला बसला," किंवा "गोळी वाटेत फुटली रे." आणि नंतर वेगवान कॅमेऱ्याच्या फोटोत तसंच दिसे. गोलंदाज म्हणायचा, "काका, झाका की कान. भोकं पडतील." काका म्हणायचे, "कान झाकला तर मी इथे कशाला? चहा आणायला?" सगळे हसायचे. वर्षानुवर्षं हे असंच चाललं. तोफेचा प्रत्येक बार काकांच्या कानातलं थोडं थोडं घेऊन जात होता. आधी बारीक, वरचे आवाज गेले. किटलीची शिट्टी गेली. फोनची घंटा गेली. तो टेबलावर थरथरला की मगच ते उचलत. काकू घरून काही सांगत असत आणि काका फोनवर नुसतं "हो, हो, बरं" म्हणत असत. कोणी विनोद केला की ते सगळ्यांच्या तोंडाकडे बघून, सगळे हसल्यानंतर हसत.

आणि "टण" आणि "डब" यांत फरक असतो तो त्या बारीक, वरच्या आवाजाचाच. तो गेला की दोन्ही सारखेच वाजतात.

काकांना हे माहीत होतं का? मला वाटतं, अर्धं माहीत होतं. माणसाला अर्धं माहीत असलं की उरलेलं अर्धं झाकायला ते पुरतं. ते नाणं वाजवत तसेच, मान कलती करत तशीच, पण डोळे फळीच्या पाठीवर असत. पाठ फुगलेली दिसली की लाल दोरी. पाठ सपाट दिसली की हिरवी. बहुतेक वेळा जी फळी आतून वाईट ती वरूनही वाईट दिसते, म्हणून त्यांचं चुकत नव्हतं.

काकांना एकच लेक होती आणि ती यानातून जाणाऱ्या तिघांपैकी एक होती. लहानपणी ती शाळा सुटल्यावर याच शेडमध्ये येऊन बसायची. काका तिच्या हातात नाणं देऊन तुटके तुकडे पुढे टाकत आणि विचारत, "सांग, आत काय आहे?" तिचं कधी चुकत नसे. गोलंदाज सांगायचा, की ती घरी जाताना जिन्याचे कठडे, दारं, टाक्या सगळं वाजवत जायची आणि शेजारी वैतागायचे. आता ती मोठी झाली होती, बापापेक्षा उंच. यानात जिथे तिला झोपायचं होतं त्या उशालगतची भिंत म्हणजे माझी बहीण. हे शेडमध्ये सगळ्यांना माहीत होतं. मी ज्या दिवशी गोळी खाणार होते, त्या दिवशी ती मुद्दाम आली.

मला एका बंद टाकीत उभं केलं. टाकीतली हवा काढून घेतली. बाहेर कोणीतरी उलटे आकडे मोजले. दुखलं का, असं तुम्ही विचारू नका; दुखायला वेळच मिळाला नाही. मिरीएवढा दाणा माझ्या पुढच्या अंगातून आत शिरला आणि शिरताशिरता त्याचा स्वतःचाच भुगा झाला. तो भुगा पोळ्याच्या घरांतून पुढे धावला आणि माझ्या पाठीवर आतून आदळला. पाठ फाटली नाही. पण ज्या थरांना त्या दोन बायकांनी तळहाताने दाबून दाबून एक केलं होतं, ते आतल्या आत हातभर सुटले. मला ते जाणवलं. बाहेरून माझी पाठ आरशासारखी सपाट होती.

मला टेबलावर आणलं. मोठ्या बाईंनी चष्मा शोधला, डोळ्यांवर लावला आणि माझी पाठ निरखली. "आरपार नाही गेली," त्या म्हणाल्या आणि त्यांचा आवाज आनंदाने कापला. मग सगळे बाजूला झाले आणि काका पुढे आले. त्यांनी नाणं काढलं.

मित्रांनो, मी माझ्या परीने ओरडले. पहिल्या ठोक्याला "डब". दुसऱ्या ठोक्याला "डब". भोकाभोवती, खाली, कडेपर्यंत, "डब, डब, डब". माझ्याकडे तेवढा एकच शब्द होता आणि तो मी प्रत्येक ठोक्याला म्हटला. काका मान कलती करून माझ्या सपाट पाठीकडे बघत होते.

"टण," ते म्हणाले. "एकदम ठणठणीत."

गोलंदाजाने टाळी वाजवली. तो आयुष्यभर बारांच्या गदारोळात राहिलेला. त्याला "टण" काय आणि "डब" काय. बाईंना थर आणि ताण यांची गणितं येत होती, पण वाजवणं हे काकांचं, म्हणून त्या तिकडे कधी लक्षच देत नसत. खोलीत एकच माणूस असा होता ज्याला माझा शब्द समजत होता. लेकीच्या कपाळाला आठी पडली.

"बाबा, परत वाजव ना."

"का गं?"

"मला जरा वेगळं वाटलं."

"वेगळं म्हणजे?"

"डब वाटलं."

मग गोलंदाज म्हणाला, "अरे वा! कानसेनांची आज परीक्षा आहे!" आणि सगळे हसले. काका सगळ्यांच्या नंतर हसले. त्यांनी पुन्हा वाजवलं, पहिल्यापेक्षा जोरात. मी पुन्हा तेच म्हटलं. लेक वडिलांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने करंगळी कानात घालून हलवली.

"माझेच कान बसलेत," ती म्हणाली. "सकाळी दाबाच्या खोलीत बसवलं होतं आम्हाला. तेव्हापासून सगळं पाण्यातून ऐकल्यासारखं येतंय."

"मग आधी ते सांग की," काका म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर एवढी सुटका दिसली, की ती फक्त मलाच दिसली याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

मोठ्या बाई घुटमळल्या. "काका, उड्डाणाआधीची ही शेवटची आहे. एकदा स्कॅनला पाठवू या का? सहजच."

"पाठवा की. माझ्या कानावर भरवसा नसेल तर पाठवा."

"तसं नाही हो, काका."

बाईंनी पाठवलं नाही. त्या कोवळ्या वयात इथे नोकरीला लागल्या तेव्हा त्यांना शेडमधलं पहिलं काम काकांनीच शिकवलं होतं. काकांचा अपमान त्यांच्या हातून झाला नसता. काकांनी माझ्या कोपऱ्याला हिरवी दोरी बांधली. लेकीने निघताना माझ्यावर एक टिचकी मारली आणि म्हणाली, "नीट सांभाळ हं मला." ती हे मला म्हणाली, की माझ्यातून माझ्या बहिणीला, ते मला कळलं नाही.

त्यानंतर माझ्याकडे कोणी बघितलं नाही. मी पास झालेली होते आणि पास झालेल्यांना कोण विचारतं? मला मांडणीच्या सगळ्यात खालच्या खणात टाकलं. पुढे गोलंदाजाने मला बाहेर काढून दोन खोक्यांवर आडवं ठेवलं आणि माझं चहाचं टेबल केलं. कपांचे गोल डाग माझ्या पाठीवर अजून आहेत, नीट बघा. यान उडालं त्या दिवशी माझ्यावर पेढ्यांचा नाही, पण बिस्किटांचा पुडा फुटला. काका पडद्यासमोर उभे होते आणि डोळे पुसत होते. पडद्यातला आवाज फार मोठा केला होता, म्हणून त्या दिवशी त्यांना सगळं ऐकू आलं.

मग एके दिवशी वर, तिथे, एक कपटा माझ्या बहिणीला लागला.

आधी कोणी घाबरलं नाही. बाहेरून एवढंसं भोक, आतून भिंत सपाट, हवा गळत नाही. ज्याची भीती होती ते झालं आणि भिंतीने ते झेललं, असंच सगळ्यांना वाटलं. पण लेकीने आपल्या उशालगतची भिंत वाजवून बघितली. सवयच ती. मग तिने खाली बोलून काकांना बोलवून घेतलं.

शेडमधल्या स्पीकरवर तिचा आवाज आला. मी चहाचे कप अंगावर घेऊन ऐकत होते.

"बाबा, मी वाजवते, तू ऐक." आणि तिने वाजवलं. डब. डब. डब. माझ्या बहिणीचा आवाज मी इतक्या दिवसांनी ऐकला. आम्ही एकाच कापडाच्या. मला ओळखायला वेळ लागला नाही. ती माझाच शब्द म्हणत होती.

बाईंनी घाईघाईने माझ्यावरचे कप उचलले, मला पुसलं आणि काकांना म्हणाल्या, "हिलाही वाजवा. दोन्ही आवाज शेजारी शेजारी लावून बघू." काकांनी मला वाजवलं. संगणकावर दोन रेषा उमटल्या, एक माझी आणि एक तिची. तंतोतंत जुळल्या. बाईंनी सुस्कारा सोडला.

"अगदी सारखा आवाज आहे," त्या स्पीकरकडे वाकून म्हणाल्या. "जशी इथली, तशी तिथली. आणि इथली पास आहे. हिरवी दोरी आहे तिला."

बघा मित्रांनो, केवढी सोपी चूक. आजाऱ्याची नाडी दुसऱ्या आजाऱ्याच्या नाडीशी ताडून बघितली आणि दोघी सारख्या म्हणून दोघी धडधाकट ठरल्या.

पण लेकीचं समाधान झालं नाही. "ताई, रेषा राहू दे," ती बाईंना म्हणाली. "बाबा, तू सांग. मला डब ऐकू येतंय. खरंच डब येतंय."

काका स्पीकरच्या अगदी जवळ उभे होते. त्यांचा हात माझ्यावर टेकलेला होता. मला वाटलं, आता सांगतील. आत्ता, या क्षणी. "बाळा, मला ऐकू येत नाही," एवढंच म्हणायचं होतं. एवढं म्हटलं असतं तर तिघं यानातल्या दुसऱ्या खोलीत गेले असते आणि मधलं दार लावून घेतलं असतं. पण बाई बघत होत्या, गोलंदाज बघत होता आणि रेषा जुळत होत्या. काकांना मिळालेलं सगळं आयुष्य त्या एका कानावर उभं होतं.

"अगं, तुझे कान बसले असतील," ते म्हणाले.

तिथे वर माणसाचं डोकं, नाक, कान कायम चोंदल्यासारखे असतात म्हणे. तिने पूर्वी तशी तक्रारही केली होती.

"असेल," ती म्हणाली. "तुझा कान आहे म्हटल्यावर काय." मग हसून म्हणाली, "बाबा, आईला सांग, मी नीट जेवते."

"हो, हो, बरं," काका म्हणाले.

मोठ्या बाईंनी मला तरीही स्कॅनला पाठवलं. मनात काहीतरी राहिलं असावं. पण रेषा जुळल्या होत्या, म्हणून कोणी "तातडीचे" असं लिहिलं नाही आणि मी स्कॅनच्या दाराबाहेर रांगेत लागले. माझ्या पुढे कसल्या कसल्या पंख्यांची पाती होती. तिकडे वर माझी बहीण उन्हात तापत होती आणि सावलीत गोठत होती, पुन्हा तापत होती, पुन्हा गोठत होती. आतून हवा तिला रोज बाहेर ढकलत होती. सुटलेले थर आणखी सुटत होते. ती किती वेळ धरून राहिली असेल, ते मला माहीत आहे, कारण मीही तेवढीच धरून राहिले असते.

दुपार होती. माणसं पळायला लागली. कोणीतरी कॉरिडॉरमध्ये ओरडलं, "भिंत गेली! भिंत फाटली!" मागून दुसरं कोणी ओरडलं, की दोघं वाचले, मधलं दार आपोआप बंद झालं. तिसऱ्याचं नाव कोणी घेतलं नाही. त्या सगळ्या धावपळीत समोरून कानसेनकाका येत होते, हातात चहाचा कप घेऊन, सावकाश. लोक त्यांच्या दोन्ही बाजूंनी ओरडत पळत होते आणि त्यांना काही ऐकू येत नव्हतं. गोलंदाज दिसल्यावर ते त्याच्याकडे बघून हसले. मग त्यांना त्याचा चेहरा दिसला.

दुसऱ्या दिवशी रांग मोडून मला मशीनमध्ये घातलं. पडद्यावर माझ्या आत हातभर काळा डाग दिसला. बाईंनी माझ्या कोपऱ्याची हिरवी दोरी सोडली आणि बराच वेळ बोटाला गुंडाळत बसल्या. पुढे चौकशी झाली, सगळ्या भिंती जाड करायचं ठरलं, कानांच्या वाट्या सक्तीच्या झाल्या. सगळं अगदी शहाण्यासारखं झालं. त्याने कोणी परत आलं नाही.

मला कापायच्या आधी काका आले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. गोलंदाज करवत लावत होता, तो थांबला. काकांनी नाणं काढलं आणि मला एकदाच वाजवलं, अगदी हलकं.

"मला ऐकू येत नाही रे," ते म्हणाले. "काय म्हणते ती?"

आता गोलंदाजालाही कळत होतं. आता सगळ्यांनाच कळत होतं.

"डब म्हणते, काका."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

काकांनी मान हलवली. नाणं माझ्यावर ठेवलं आणि ते गेले. ते पुन्हा या इमारतीत आले नाहीत. पेटीत माझ्या पायाशी जे नाणं आहे, ते हेच. पाटीवर त्याच्याबद्दल काही लिहिलेलं नाही.

तर मित्रांनो, माझ्यासारख्यांनी शेवटी काहीतरी उपदेश करायचा असतो. मला सांभाळा, मला वापरा, मला जपा, असं म्हणायचं असतं. मला आता जपून काय उपयोग? तुमच्या घरी कोणी सगळ्यांनंतर हसत असेल, फोनवर नुसतं "हो, हो, बरं" म्हणत असेल, तर त्याच्यासमोर जाऊन बसा आणि त्याला ऐकू येतं का ते विचारा. तो "नाही" म्हणणार नाही. तो चिडेल. तरी विचारा. आणि तुम्हाला स्वतःला "डब" ऐकू आलं, तर आपलेच कान बसलेत असं लगेच म्हणू नका. हे मी रोज सांगते. तुमच्याआधी कितीतरी शाळा येऊन गेल्या.

जाताजाता तुमच्यातला कोणी ना कोणी माझ्या पेटीवर बोटाने ठक्क करतो. काच जाड आहे, धड आहे. ती "टण" वाजते. तुम्हाला वाटतं, मीच वाजले. मग तुम्ही खूश होऊन रांगेत पुढे जाता.